पोटखराब्यातले जीव

मित्रहो, माळढोक पक्ष्याची मादी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, गवताच्या आडोशाला ती अंडं घालते, आणि तेही बहुधा एकच. मातकट हिरवट रंग, वर तपकिरी ठिपके; दोन पावलांवर उभे राहिलात तरी चटकन दिसत नाही. जवळजवळ महिनाभर ती एकटीच ते उबवते. एवढ्यात एखादं मोकाट कुत्रं तिकडे फिरकलं की वर्ष वाया.

याच पक्ष्यासाठी 1979 साली आपण सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, ज्वारीची शेतं आली, बाजारपेठासुद्धा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग बिचाऱ्या पाखरावर निघाला. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर याच अभयारण्यातला, सोलापूरजवळचा नान्नजचा माळ माळढोकांपासून जवळजवळ रिता झाला होता. उलट, नगर जिल्ह्याच्याच कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. कळप वाढला की काळवीट शेजारच्या पिकात उतरणारच, त्याला हद्द कुठे वाचता येते?

दोन्हीकडे चूक एकच झाली, असं मला वाटतं. आपण आधी रेषा आखली आणि माळ नंतर पाहिला. राज्याचं नियोजन अधिवासापासून सुरू व्हायला हवं. वाघांसाठी राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, आणि ते हवेतच. खाडीकाठासाठी 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. माळाच्या वाट्याला मात्र सातबाऱ्यावरचा एक शब्द येतो: पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. लांडगा, खोकड, चिंकारा, तणमोर, धाविक, सगळे त्या एका शब्दात गाडले जातात.

आणि पडीक म्हटलं की आपण झाडं लावायला धावतो. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या माळात खड्डे घेऊन गिरिपुष्प लावतो. हेतू चांगलाच असतो हो, पण सावली आली की गवत हटतं. माळढोकाला दूरवरचा शत्रू दिसावा लागतो. मोकळी नजर हेच त्याचं संरक्षण. विजेच्या तारांचंही तसंच. त्याचे डोळे बाजूला असतात, समोरची तार उशिरा दिसते, आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही.

वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ क्षेत्राची सोय आली. सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून ते जाहीर करता येतं. व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. रेहेकुरीसारखे तुकडे जोडायला हे फार उपयोगी पडेल. पण त्या बैठकीला धनगरही हवा. कोणत्या माळावर लांडगीची बीळं आहेत, कुठलं गवत कधी उतरतं, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याची मेंढरं लांडगा नेतो, तेव्हा भरपाई वेळेत मिळाली तरच तो आपल्या बाजूने उभा राहील.

तुमच्यात तलाठी, ग्रामसेवक, सरपंच बसले आहेत. या पावसाळ्यात वृक्षलागवडीची जागा ठरवाल, सौर प्रकल्पासाठी गायरान सुचवाल, त्याआधी एकदा भल्या पहाटे त्या माळावर जाऊन या. जाताना गावातला एखादा मेंढपाळ सोबत घ्या.