डॉक्टर, वकील, सीए: यांची तक्रार ऐकणार कोण?

मंडळी, रेग्युलेशन म्हटलं की निम्मे लोक मोबाईल काढतात, म्हणून सरळ दातांपासूनच सुरू करतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात डेंटिस्टांना लायसन देणाऱ्या डेंटल बोर्डावर आठ मेंबर होते, त्यातले सहा स्वतः प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट, तेही डेंटिस्टांनीच निवडून दिलेले. मॉलमध्ये स्वस्तात दात पांढरे करून देणारे आले तर बोर्डानं त्यांना धडाधड नोटिसा पाठवल्या, की ही डेंटिस्ट्री आहे, बंद करा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2015 ला 6-3 नी निकाल लागला: बोर्डाचा कंट्रोल त्याच धंद्यातल्या लोकांकडे असेल आणि सरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर स्पर्धा कायद्यातून, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना धंद्याबाहेर ठेवू नका म्हणणाऱ्या कायद्यातून, सूट नाही.

आपल्या लोकांनी आपल्यालाच तपासायचं, हा जुना करार आता बऱ्याच ठिकाणी सैल होतोय. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलवर 2009 पासून डॉक्टरांची निवडणूकच नाही, सगळे नेमलेले, त्यातले निम्मे डॉक्टर नसलेले.

आपल्याकडे 2020 ला मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया गेली, नॅशनल मेडिकल कमिशन आलं. निवडणूक गेली, आता मेंबर केंद्र सरकार नेमतं. लोक म्हणतात सुटलो एकदाचे, पण मला विचाराल तर निवडून आलेल्याला मतदारांची भीती आणि नेमलेल्याला नेमणाऱ्याची, एवढाच फरक पडलाय, पेशंटची भीती दोघांनाही नाही 😀

सीएंचं बघा. 2022 च्या दुरुस्ती कायद्यात शिस्तपालन समितीतले पाचपैकी तीन जण, अध्यक्षासकट, सीए नसलेले ठेवलेत. यावर सीए मंडळी जाम नाराज झाली. लिस्टेड आणि मोठ्या अनलिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटवर तर 2018 पासून एनएफआरए (नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग अथॉरिटी) ही सरकारची वेगळीच संस्था बसलीय.

वकील मात्र अजून तिथंच आहेत. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 चा, तक्रार स्टेट बार कौन्सिलकडे, तिथल्या तीन जणांच्या समितीत तिघंही वकील. बरं ग्राहक न्यायालयात जावं, तर मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेही दार बंद केलं, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणाले. डॉक्टर मात्र 1995 पासून त्या कायद्यात आहेतच.

मला यात मेंबर कोण यापेक्षा तक्रारदाराच्या हातात काय उरतं हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चाच होत नाही. मेडिकल कमिशनच्या कायद्याचं कलम 30 वाचा. स्टेट मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरविरुद्ध निर्णय दिला तर डॉक्टर वर अपील करू शकतो. आणि पेशंटची तक्रार फेटाळली तर? पेशंटच्या अपिलाबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही, त्यामुळे तिथं अपील घेतलं नाही, तर ज्याचा माणूस गेलाय त्यानं वकील गाठायचा आणि हायकोर्टात रिट टाकायची. आता त्या वकिलानं घोळ घातला तर काय, हे मघाशी सांगितलंच.