पंगत उठल्यावर

नमस्कार जी. बाहेर एवढं ऊन तापलेलं असताना दुपारी घराबाहेर पडलात, याबद्दल आधी तुमचे आभार.

नागपुरात देणारे हात कमी आहेत असं कोणी म्हणू नये. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा निघते, तिच्या वाटेवर सरबत आणि प्रसाद वाटणारे मंडप पाहा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर भोजनदान चालतं, ते पाहा. उन्हाळा लागला की चौकाचौकांत लाल कापड गुंडाळलेले माठ येतात. मला हे सगळं आवडतं. वाढायला मीही उभा राहिलोय, तेव्हा पुढं जे बोलेन ते पंगतीविरुद्ध आहे असं समजू नका.

मी आयुष्यभर छोट्या छोट्या न्यासांचे हिशेब तपासले. त्या वह्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसायची. पंगतीला पैसा जमतो, पगाराला जमत नाही. अन्नदानाची पावती फाडायला लोक स्वतःहून येतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना घेऊन बसणाऱ्या बाईंचं मानधन मागितलं, की तेच लोक विचारतात, ‘काऊन जी, ही तर सेवा आहे ना? मग पैसे कायचे?’ बाई पहिल्या वर्षी टिकते, दुसऱ्या वर्षी धुण्याभांड्याची कामं धरते आणि अभ्यासिकेला कुलूप लागतं. पंगतीत वाढणारा आणि जेवणारा, दोघं पुढच्या वर्षी आपापल्या जागीच असतात. त्यांच्या जागा बदलायच्या तर त्या बाईंचा पगार द्यावा लागतो.

हे कोणी करून दाखवलंय का? याच शहरात दाखवलंय. जाईबाई चौधरी उमरेडच्या, जन्म १८९२ चा. तरुणपणी त्या हमाली करायच्या, डोक्यावरून ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि मिशनच्या शाळेत मास्तरीण झाल्या. शिकवणारी अस्पृश्य आहे असं कळल्यावर सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. जिला कोणीतरी दान द्यावं असं आपण म्हटलं असतं, तिनंच शाळा दिली. मुलींना काय लागतं हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९२१ मध्ये, कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सोबतीनं मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई लहान वयात विधवा झालेल्या, शिकून नर्स झालेल्या. बाळंतपणात बायका कशा मरतात हे त्यांनी कामावर पाहिलं होतं. मोठ्या थैलीला मी नाकं मुरडत नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला संपत्ती दिली नसती, तर १९४२ ची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली नसती. पण आजच्या न्यासांची विश्वस्त मंडळं उघडून बघा. वस्तीसाठी न्यास, आणि विश्वस्तांत वस्तीतलं एकही नाव नाही. निदान दोन खुर्च्या द्या ना त्यांना! सह्यांच्या अधिकारासकट.

कंपन्यांच्या पैशाचं थोडक्यात सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं आपल्या गावात आहेत. पत्रं लिहा.

आता दवाखान्यांकडे वळू, कारण तिथं पैसा नव्यानं गोळा करावाच लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. हक्क कागदावर पक्का आहे. अडतं ते काउंटरवर. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, रेशनकार्ड हवं, अर्ज हवा, आणि हे सगळं कोणाला, तर ज्याची बायको आत ऑक्सिजनवर आहे त्याला. माझ्या ओळखीच्या एका गवंड्यानं अशाच एका रात्री घरचे दागिने गहाण टाकले. दवाखाना धर्मादाय आहे हे त्याला डिस्चार्जच्या कागदावरचं नाव वाचून कळलं. तिथं त्या रात्री लाडू वाटणारे होते, फळं वाटणारे होते. अर्ज भरून देणारं मात्र कोणी नव्हतं.

म्हणून आज देणगीची पेटी ठेवलेली नाही. दाराजवळच्या टेबलावर एक वही आहे. तिच्यात रक्कम लिहायची नाही. नाव, फोन, आणि आठवड्यातला कोणता वार, सकाळ की रात्र, एवढंच लिहायचं. अर्ज कसा भरायचा ते मी शिकवतो. रविवारची रात्र माझी, ती आधीच लिहून ठेवली आहे.