तिसऱ्या चेंडूनंतरचा बॅकहँड

1971 साल, जपानमधलं नागोया. स्वीडनचा स्टेलान बेंग्टसन टेबल टेनिसचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. तो फाल्केनबर्गचा. तिथल्या क्लबचं नाव एका सरावाला मिळालं आणि आज जगभरचे कोच त्याला फाल्केनबर्ग ड्रिल म्हणतात.

(दृश्य: दोन खेळाडू, बाजूने)

समोरचा फक्त ब्लॉक करतोय, म्हणजे फटका न मारता बॅट नुसती आड धरून चेंडू परत पाठवतोय. दोन चेंडू बॅकहँडच्या कोपऱ्यात (उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडे), तिसरा फोरहँडच्या टोकाला. आपण पहिला बॅकहँडने मारायचा, दुसऱ्याला त्याच कोपऱ्यात बाजूला सरकून फोरहँड, आणि तिसऱ्यासाठी दुसऱ्या टोकाला धाव. टेबलाची रुंदी दीड मीटरच्या जरा वर, पण चार-पाच फेऱ्यांत पोटऱ्या बोलू लागतात.

खरी परीक्षा त्यानंतरच्या चेंडूला. फोरहँड मारून अंग उजवीकडे झुकलंय, बॅट अजून वरच आहे, आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात येऊनही ठेपला. इथे हात आधी पळतो, पाय मागे राहतात. असा हात लांबवून मारलेला बॅकहँड जाळ्यात तरी जातो, नाहीतर उंच उडतो.

(दृश्य: पायांचा क्लोजअप, संथ गती)

आता बॅट पाहू नका, पाय पाहा. डावा पाय बाहेर पडला, उजवा मागोमाग आला, गुडघे वाकलेलेच. मग कोपर अंगापासून थोडं पुढे, बॅट पोटासमोर, मनगट आत वळलेलं. चेंडू टप्पा घेऊन वर चढतोय तोच बिजागरीवर दार उघडावं तसा कोपरातून हात पुढे उघडतो. मनगट सगळ्यात शेवटी सुटतं.

एका जागी उभं राहून घटवलेला बॅकहँड वाया जात नाही, हाताला वळण त्यातूनच लागतं. पण सामन्यात कुणी तुम्हाला जागेवर उभं राहू देत नाही. म्हणून माझ्या मते नवख्यांनीही हा ड्रिल लवकर सुरू करावा, अगदी हळू.

ब्लॉक करणाऱ्याने जोर लावू नये. त्याचा चेंडू एका गतीने, एकाच जागी पडला, तरच समोरच्याच्या पायांना लय सापडते. ती सापडली की ब्लॉक करणाऱ्याला सांगा: तिसरा चेंडू कधी टोकाला टाक, कधी थेट खेळणाऱ्याच्या कोपराच्या रोखाने.