नाव घातलेला चमचा

नमस्कार श्रोतेहो,

आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घातलेलं असतं. घासून घासून अक्षरं पुसट होतात, तरी बोट फिरवलं की लागतात. बॉस्टनजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी अमेरिकन चांदीचा चमचा पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा त्याच्या दांड्यावरची तीन अक्षरं अगदी तशीच बोटाला लागली. वर आडनावाचं अक्षर, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. मग तो चमचा मला परका वाटेना.

अठराव्या शतकात तिथल्या लोकांच्या हाती स्पॅनिश चांदीची नाणी पडत, पण ठेवायला बँक नव्हती. म्हणून नाणी सोनाराकडे न्यायची आणि वितळवून चमचे, पेले, चहाची किटली घडवून घ्यायची. चोरीला गेलेलं नाणं ओळखणार कसं? नाव घातलेलं भांडं ओळखता येतं. आणि अडचण आली की मोडताही येतं. आपल्या आज्यांच्या पाटल्यांमागे हाच तर हिशेब होता!

पॉल रिव्हिअर हा बॉस्टनचा असाच सोनार. 1768 साली त्याने घडवलेला चांदीचा वाडगा आज तिथल्या ललित कला संग्रहालयात आहे. इंग्लंडच्या राजाचा हुकूम न मानणाऱ्या तिथल्या 92 लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो केला होता. 1949 साली संग्रहालयाने तो घेतला, तेव्हा शाळेतल्या मुलांनीही पैसे दिले होते.

असा वाडगा आपल्याला मिळायचा नाही, पण एकोणिसाव्या शतकातले साधे चमचे अजून मिळतात. इंग्लंडमध्ये चांदीवर सरकारमान्य छाप असे. अमेरिकेत बाल्टिमोरमधली काही वर्षं सोडली, तर तशी व्यवस्थाच नव्हती. कारागिराच्या नावाचा ठसा हीच हमी. नाण्यांच्या चांदीत हजारात साधारण नऊशे भाग शुद्ध चांदी. पुढे हजारात 925 भाग शुद्ध असलेली चांदी, म्हणजे स्टर्लिंग, रुळली.

चमचा घेताना मी त्यावर तोंडाची वाफ सोडते. कुठे डाक दिला असेल, तर वाफेत त्याची रेघ उमटते. मग दांडा चिमटीत धरून बघायचा. मधेच पातळ लागला, तर तिथलं नाव कुणीतरी घासून काढलंय. असा चमचा मी घेत नाही. टोक एका बाजूने झिजलेला मात्र आनंदाने घेते. उजव्या हाताने वर्षानुवर्षं वाडगा खरवडून खाल्ल्याची ती खूण असते.

माझा सगळ्यात लाडका चमचा शिकागोच्या कॅलो शॉपचा आहे. क्लारा बार्क यांनी 1900 साली सुरू केलेल्या या कारखान्यात बायकांनी मोठं काम केलं. यंत्रांच्या काळातही तिथे हातोडीने चांदी घडवत. ते ठोके उजेडात अजून दिसतात.

जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली, आणि घराघरांतली जुनी भांडी पोत्यांनी भट्टीत पडली. घडणावळ कुणी मोजली नाही, नावं कुणी वाचली नाहीत. त्याची मला आजही हळहळ वाटते.

चांदी कपाटात ठेवली की काळवंडते, वापरली की उजळ राहते. पाडव्याला आमच्याकडे श्रीखंड वाढायला तोच तीन अक्षरांचा चमचा असतो.

नमस्कार.