धमनीच्या भिंतीत आधी काय घडतं?

[पडद्यावर: अँजिओग्राफी. धमनीची गडद रेघ, मधेच एका जागी बारीक झालेली.]

"इथे ब्लॉकेज आहे," असं डॉक्टर पडद्याकडे बोट दाखवून सांगतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाळ साचलेला नळ उभा राहतो. हे चित्र मनातून काढून टाकायला हवं. नळाची भिंत निर्जीव असते. धमनीची भिंत जिवंत असते, आणि ॲथेरोस्क्लेरोसिस, म्हणजे धमन्यांत थर साचत जाण्याचा आजार, तिच्या पोकळीत नव्हे, तर भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो. सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्ताची वाट मोकळीच राहते. सीमोर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मृतांच्या हृदयधमन्या मोजून दाखवलं, की भिंतीत वाढणाऱ्या या थरानं सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत दिसतं ते खूप उशिराचं.

मग सुरुवात कशानं होते? चरबीनं, दाहानं (म्हणजे शरीराच्या बचावाच्या, सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेनं), की रक्ताच्या गुठळीनं?

[पडद्यावर: एकोणिसाव्या शतकातलं शवविच्छेदनाचं चित्र.]

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विएन्नातले कार्ल फॉन रोकिटान्स्की म्हणत होते की रक्तातलेच घटक, विशेषतः गुठळी घडवणारा फायब्रिन, भिंतीवर थर देत जातात आणि बाकीचं सगळं त्यानंतर घडतं. रुडॉल्फ विर्शो यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते रक्तातले पदार्थ भिंतीत झिरपतात, भिंत त्यावर उसळते, आणि हा मुळात दाह आहे. दोघंही बारकाईनं पाहणारे होते. पण दोघांपुढे मृतदेह होते, म्हणजे आजाराची शेवटची अवस्था. तिच्यावरून घटनांचा क्रम ओळखायचा होता, आणि तो नजरेनं ठरणं शक्यच नव्हतं.

तो क्रम पाहायचा तर आजार जिवंत प्राण्यात घडवायला हवा होता. ते काम सेंट पीटर्सबर्गमध्ये झालं. १९०८ साली अलेक्झांडर इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, अंडी, दूध खाऊ घातलं. धमन्या बिघडल्या, आणि त्यांनी दोष प्रथिनांना दिला. १९१३ साली तिशीही न गाठलेल्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सेम्योन खालातोव्ह यांच्यासोबत सशांना मांस, अंडी, दूध न देता फक्त सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल दिलं. धमन्या तशाच बिघडल्या. वेगवेगळ्या टप्प्यांवरचे ससे तपासल्यानं क्रमही दिसला: आधी अस्तराखाली चरबी, मग तिथे जमलेल्या आणि चरबीनं टच्च भरलेल्या भक्षक पेशी, आणि त्यानंतर तंतूंचा थर.

हा वैद्यकातला फार मोठा प्रयोग आहे असं मला वाटतं. तरी तो अनेक दशकं बाजूला पडला. इतरांनी उंदीर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, आणि काहीच झालं नाही. "ससा शाकाहारी, त्याला कोलेस्टेरॉल पचणार कसं?" असा निष्कर्ष निघाला. खरं कारण वेगळं होतं. उंदीर आणि कुत्रा जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत चटकन रूपांतर करतात, म्हणून त्यांच्या रक्तातली पातळी वाढतच नाही. सशात ती कित्येक पटींनी चढते. प्रश्न प्राण्यानं काय खाल्लं याचा नव्हता, त्याच्या रक्तात काय फिरत राहिलं याचा होता.

१९५० साली जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज वापरून दाखवलं की रक्तात कोलेस्टेरॉल वेगवेगळ्या कणांमधून फिरतं, आणि धोका काही विशिष्ट कणांशी जोडलेला आहे. आज आपण ज्याला एलडीएल म्हणतो तो त्यांतलाच एक. १९७० च्या दशकात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींवरचा एलडीएल टिपणारा रिसेप्टर शोधला. त्याची दोन्ही जनुकं सदोष असलेल्या मुलांच्या रक्तात एलडीएल साचत राहतं, आणि त्यांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. सिगारेट नाही, रक्तदाब नाही, वयही नाही.

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसणारी, चरबीनं भरलेली भक्षक पेशी.]

पण इथेच एक कोडं होतं. या मुलांकडे रिसेप्टरच नाही, तर त्यांच्या भक्षक पेशी चरबीनं भरतात कशा? १९७९ साली याच दोघांच्या प्रयोगशाळेत दिसलं की भक्षक पेशी साध्या एलडीएलला फारसा हात लावत नाहीत. त्यात रासायनिक बदल केला की मात्र अधाशासारखा गिळतात. तो बदल भिंतीत कशानं होत असेल? डॅनियल स्टाइनबर्ग आणि इतरांचं उत्तर होतं ऑक्सिडेशन. मग ऑक्सिडेशन रोखणारं मानलं जाणारं व्हिटॅमिन ई देऊन आजार टळेल अशी आशा निर्माण झाली, आणि मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. माझ्या मते त्यातून ऑक्सिडेशन घडत नाही असं सिद्ध होत नाही, ते व्हिटॅमिन ई नं रोखलं जात नाही एवढंच.

दरम्यान सिॲटलमध्ये रसेल रॉस यांनी वेगळी बाजू लावून धरली: आधी अस्तराला इजा होते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिथे चिकटतात, भिंतीतल्या स्नायुपेशी आत सरकून वाढतात. पुढे दिसलं की सुरुवातीच्या डागांवर अस्तर बहुधा शाबूत असतं. रॉस यांनी आपला सिद्धान्त बदलत नेला, आणि १९९९ साली स्पष्ट मांडलं की हा दाहाचा आजार आहे. १९९५ साली केविन विल्यम्स आणि आयरा टाबास यांनी मात्र पहिली पायरी आणखी मागे नेली. एलडीएलसारखे कण अस्तरापलीकडे जा-ये करतच असतात. काही तिथल्या प्रोटिओग्लायकनला (प्रथिनं आणि शर्करा यांच्या रेणूंना) चिकटून अडकतात, आणि दाह त्या अडकण्यानंतर पेटतो. हे जास्त घडतं ते धमन्यांच्या वळणांवर आणि फाट्यांवर, जिथे प्रवाह संथ आणि विस्कळीत असतो.

आणि गुठळी? थर फुटतो किंवा खरवडतो तेव्हा ती त्यावर बनते. हृदयविकाराचे बहुतेक झटके तिच्यामुळेच येतात, आणि ज्या गुठळ्या जीव घेत नाहीत त्या भिंतीतच मुरून थर वाढवतात. रोकिटान्स्कींनी पाहिलेलं खरं होतं; फक्त ते पहिलं नव्हतं.

विर्शोंच्या दाहाची थेट परीक्षा २०१७ मध्ये झाली. कॅन्टॉस चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांना कॅनाकिन्युमॅब किंवा निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आलं. हे औषध दाह कमी करतं, एलडीएलला हात लावत नाही. मधल्या मात्रेवर झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही.

याच्या शेजारी २००६ चा एक अमेरिकी अभ्यास ठेवून पाहा. काही कृष्णवर्णीय लोकांत पीसीएसके९ या, एलडीएलच्या पातळीवर परिणाम करणाऱ्या जनुकातला बदल जन्मतःच असतो. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनीच कमी होतं, पण हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. मोजकी वर्षं औषध घेऊन एलडीएल तेवढंच खाली आणलं तर एवढा लाभ दिसत नाही. फरक काळाचा आहे: यांच्या भिंतींत जन्मापासूनच कमी कण अडकत आले.

[पडद्यावर: १९५३ च्या एका वैद्यकीय अहवालाचं पान.]

कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयधमन्या तपासल्या गेल्या होत्या. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्क्यांमध्ये आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. म्हणून हृदयतज्ज्ञांतला आजचा एक मोठा वाद वयाचा आहे: एलडीएल कमी करायला पन्नाशीत सुरुवात करायची, की तिशीत?