दांडीवरचा हात

(दृश्य : सुरकुतलेला हात, बोटांखाली जॉयस्टिक.)

ही एवढीशी दांडी. पुढे रेटली की बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची पुढे जाते, बाजूला कलवली की वळते. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळी मोटर असते आणि दोन्हींचा वेग कमी-जास्त झाला की वळण मिळतं. दांडी सोडली की खुर्ची थांबते, ब्रेक आपोआप लागतो. पहिल्या दिवशी हे सांगून पटत नाही. हात काढून स्वतःच पाहावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या, हातांतही बळ न उरलेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने १९५०च्या दशकात अशी खुर्ची घडवली. आज ती कितीतरी वृद्धांचा आधार आहे.

(दृश्य : पलंग, भिंत धरून उभी आजी.)

पण खुर्ची घरात येण्याआधीचा काळ फार अवघड. ‘माझ्यावर अजून ती वेळ आली नाही,’ असं म्हणत माणूस वर्षं काढतो. गुडघे साथ देत नाहीत, धाप लागते. मग तो गुपचूप पाणी कमी प्यायला लागतो. सारखं बाथरूमला जायचं, तर दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते ना! घरच्यांना वाटतं, वयामुळे तहान कमी झाली असेल.

(दृश्य : दाराची चौकट, खालच्या बाजूला ओरखडे.)

हे ओरखडे पहिल्या महिन्यातले आहेत, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीचे. त्यावरून कुणी बोललं की शिकणारा माणूस खुर्चीत बसायचंच टाळतो. म्हणून कृपा करून बोलू नका. रंग पुन्हा देता येतो. हात थरथरत असेल, तर बऱ्याच खुर्च्यांमध्ये तंत्रज्ञ वेग आणि जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी करून देऊ शकतो. ते आवर्जून मागून घ्या.

अडचणी आहेतच. एक पायरी आडवी आली की वाट संपते. खुर्ची इतकी जड की उचलायची म्हणजे दोघातिघांचं काम. बॅटरी उतरली, तर मोटरजवळचा खटका सोडवून मागून ढकलावं लागतं. आणि मनाला सगळ्यांत जास्त लागतं ते हे : लोक खुर्चीतल्या माणसाला सोडून सोबतच्याला विचारतात, ‘यांना काय हवंय?’

(दृश्य : सकाळ. आजी चार्जरची वायर काढते, खुर्ची वळवून खिडकीशी नेते.)

सून विचारते, ‘आई, पाणी देऊ?’

‘दे. पेला भरून दे.’