पंचवीस हजारात पहिली माउंटन बाइक: शोरूममध्ये कुठे वाकून बघायचं

नमस्कार मंडळी. पुढे जागा आहे, या, उभे राहू नका. विषय साधा ठेवलाय, खिशात पंचवीस, फार तर तीस हजार आहेत, पहिलीच एमटीबी घ्यायचीय, तर काय बघायचं. "सर, कुठली घेऊ ते सांगा" याचं उत्तर मी देणार नाहीये, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात, आज मी एक नाव सांगायचो आणि दिवाळीला त्याच नावाच्या सायकलला हलके पार्ट लावून त्याच किमतीत विकत असतील. मला सांगायचंय ते एवढंच की या बजेटमध्ये दुकानाच्या दारातून जे नजरेत भरतं त्याच्यावर कंपनीने पैसे घातलेले असतात, आणि डोंगरात ज्याच्यावर आपली भिस्त असते ते सगळं खाली वाकून बघावं लागतं.

आधी एक नावडता प्रश्न विचारून घेतो. डोंगर कुठाय तुमचा? म्हणजे सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी आणि रविवारी डांबरावरून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत, भजी, दही, परत, असं असेल तर एमटीबी घेऊच नका. हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली, ती घ्या, हलकी असते, त्या जाड गोट्यांच्या टायरची डांबरावरची घरघर नको आणि तेवढ्याच पैशात पार्ट चांगले मिळतात. पण टेकडीवरची मुरमाड वाट, मुळशीकडचे कच्चे रस्ते, कोकणातला जांभा, नाशिककडचे दगडगोटे, हे खरंच करणार असाल तर पुढचं ऐका.

सगळ्यात जास्त फसवणूक शॉकअपमध्ये होते. एवढ्या पैशात मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल दिसली की हात न लावता पुढे जायचं. मागे जी जाड रंगीत स्प्रिंग दिसते ना, तिच्यात डॅम्पिंग नावाचा प्रकारच नसतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग सावकाश परत यावी यासाठी आत तेल लागतं ते नाही, त्यामुळे चढावर प्रत्येक पेडलला सायकल खालीवर डुलते आणि तुमची निम्मी ताकद त्या डुलण्यात जाते, उतारावर खड्ड्यातून गेलात की तीच स्प्रिंग तुम्हाला सीटवरून उचलून फेकते. वर वजन सतरा-अठरा किलो. खरी फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या पुढे सुरू होते, त्यामुळे आपल्यासाठी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप, विषय संपला.

आता हा पुढचा शॉकअप. बोर्डावर लिहिलेलं असतं "१०० मिमी ट्रॅव्हल", म्हणजे तो एवढा दबतो. लिहायला काय जातंय. दुकानात एक करा, त्या चकचकीत नळीवर खालच्या टोकाला एक रबरबँड घट्ट बांधा, पार्किंगमध्ये एखाद्या पायरीवरून वगैरे सायकल उतरवा आणि बघा रबर किती वर सरकला. स्वस्त फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्यात, लोखंडी स्प्रिंग एकाच ताकदीची असते आणि ती भारी माणसाचा हिशोब करून टाकलेली असते, पंचावन्न किलोचा पोरगा किंवा पोरगी बसली तर रबर जेमतेम दोन बोटं हलतो, म्हणजे शंभर मिमीचे पैसे भरले आणि वापरले चाळीस. वरची ती प्लास्टिकची फिरकी प्रीलोडची असते, ती फिरवून शॉकअप मऊ झाल्याचं दुकानदार सांगेल, होत नाही, स्प्रिंग थोडी आधीपासून दाबली जाते एवढंच. आणि असला फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. म्हणून मी तर म्हणतो की साधा, शॉकअप नसलेला फोर्क आणि सव्वादोन इंची जाड टायर ही जोडी या बजेटमध्ये अजिबात वाईट नाही, पण असली सायकल आपल्याकडे दुकानात शोधावी लागते कारण "शॉकअप नाही?" म्हणून गिऱ्हाईकच परत जातं.

ब्रेक. इथे मात्र कंजूषी नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये रिपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी त्यातलीच, जुन्या जाडजूड क्रूझर सायकली घेऊन डोंगरावरून खाली यायची आणि मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला, ब्रेक एवढा तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा, खाली आलं की हब उघडून परत ग्रीस भरायचं. म्हणजे हा खेळ जन्मला तेव्हापासून अडचण थांबण्याचीच आहे. आपल्याकडे पर्याय तीन. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्हीकडून रबर दाबणारे, कोरड्यात चांगले असतात, पण पावसाळ्यात रबर आणि रिमच्या मध्ये चिखलमाती गेली की करकर वाजत रिम घासली जाते. केबलवाले डिस्क दिसायला डिस्क, पण बहुतेकांत एकाच बाजूचं पॅड सरकतं आणि ते रोटरला, म्हणजे ब्रेकच्या गोल पत्र्याला, वाकवून दुसऱ्या पॅडवर नेतं, केबल सैल पडली की परत ॲडजस्ट करा. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्कमध्ये, दोन्ही पॅड एकदम येतात आणि लांब घाट उतरताना एका बोटावर काम होतं, हाताला गोळे येत नाहीत. शिमानो किंवा टेक्ट्रोचे साधे हायड्रॉलिक मिळत असतील तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त द्या, रंग आवडला नाही तरी द्या. फक्त नवीन पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, जवळपास थांबेपर्यंत दाबून, सोडून, असं वीसेक वेळा केलं की बसतात, मग "ब्रेकच लागत नाही" म्हणून दुकानात भांडायला जावं लागत नाही.

गिअरबद्दल लोक "एकवीस गिअर" ऐकून खूश होतात. जरा गणित करू. एकवीस गिअरच्या साध्या सायकलला पुढे सगळ्यात छोटी चकती २४ दातांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असते, भागाकार केला की ०.८६, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ फेरा फिरतं. आता पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे नऊ, त्यातली मोठी ४६ ची, इथे येतं ०.७०. म्हणजे नऊ गिअरवाली सायकल एकवीसवालीपेक्षा चढाला हलकी जाते! आकडा जितका कमी तितका चढ सोपा. आणि त्या एकवीसमधले बरेचसे एकमेकांची नक्कल असतात, वर पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, बिघडायला वेगळा. ही पुढे एक चकतीवाली सायकल बजेटमध्ये बसते का बघा, नाही बसली तर मागे निदान ३४ ची चकती आहे का एवढं मोजून घ्या. खरंच मोजा, दात मोजायला लाजायचं काय.

आता खरं वाकायचं काम. मागच्या चाकाचा हब. हे बोर्डावर कधीच लिहिलेलं नसतं. दोन प्रकार असतात, फ्रीव्हील आणि कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये चकत्यांचा अख्खा गठ्ठा हबवर आट्याने बसवलेला असतो, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे पार आत सरकतात आणि एक्सलचं, म्हणजे चाकाच्या दांड्याचं, टोक बाहेर आधाराशिवाय लांब राहतं. दगडावरून चार वेळा आदळलं, वजनदार माणूस असला, की ते एक्सल वाकतं, मग तुटतं. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे टोकाला असतात, वाकायचा प्रश्न फार येत नाही. ओळखायचं कसं, तर चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मध्यभागी जिथे पान्हा बसतो त्या खाचांच्या रिंगकडे नजर ठेवा. ती रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवरच राहिली तर फ्रीव्हील. सात गिअर म्हटलं की बहुतेक फ्रीव्हीलच. टेकडीवर जाणाऱ्याने माझ्या मते शॉकअपच्या ब्रँडपेक्षा हे आधी बघावं. आणि दुकानदाराला हे विचारलंत ना, की त्याचा बोलण्याचा सूरच बदलतो, अनुभव घ्या.

फ्रेमच्या मापाबद्दल दुकानातलं ठरलेलं वाक्य आहे, "साहेब, सीट खालीवर करून देतो ना." सीट होईल हो, हँडलचं अंतर कसं होणार? दोन पायांत फ्रेम घेऊन जमिनीवर सपाट उभं राहायचं, वरची नळी आणि आपण यांच्यात दोन इंच तरी मोकळी जागा हवी, डोंगरात अचानक उतरावं लागतं तेव्हा याचं महत्त्व कळतं. आणि पोरांना शाळेच्या गणवेशासारखी "वाढत्या अंगाची" सायकल घेऊ नका, मोठ्या फ्रेमवर पोराचा हात ब्रेकपर्यंत नीट पोचत नाही. दुसरं, फ्रेमच्या डोक्याची नळी खाली रुंद होत जाणारी, टेपर्ड असेल तर पुढे कधी चांगला एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, टाकता येतो, सरळ नळी असेल तर तसा फोर्क मिळणं अवघड. आणि सायकलबरोबर येणारं पुस्तक, जे आपण कचऱ्यात टाकतो, त्यात वापराची कंडिशन लिहिलेली असते. कंडिशन २ म्हणजे १५ सेंटीमीटरपर्यंतची उडी, कंडिशन ३ म्हणजे ६१ पर्यंत. माउंटन बाइक म्हणून विकलेली कित्येक मॉडेलं २ मध्येच असतात. रील बघून भिंतीवरून उडी मारण्याआधी ते पान वाचा.

टायरला दुकानवाले टणटणीत हवा मारून देतात. दोन इंचापेक्षा रुंद टायर आणि मध्यम वजन असेल तर कच्च्यावर तीस पीएसआयच्या आसपास पुरते, पकड लगेच सुधारते, यासारखा फुकटचा अपग्रेड नाही. आपल्याकडचा खरा शत्रू बाभळीचा काटा, त्यासाठी ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, भरून टाका. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक प्रेस्टा असेल तर शंभरेक रुपयाचा ॲडाप्टर पिशवीत ठेवा. आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसात जाऊच नका, दहा मिनिटांत माती टायर आणि फ्रेमच्या मधली फट भरून टाकते, चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घेऊन या. मुरूम त्या मानाने देव आहे, पाऊस थांबला की निचरा होतो.

सेकंडहँडबद्दल विचारतायत, हो, जरूर घ्या, दोन-तीन वर्षं वापरलेली हार्डटेल निम्म्यात मिळते आणि पुष्कळ जणांनी हौसेने घेऊन बाल्कनीतच ठेवलेली असते. डोक्याच्या नळीच्या खालच्या वेल्डवर बोट फिरवा, रंगाला बारीक केसासारखी चीर असेल तर सरळ घरी या. शॉकअपच्या नळीवर नख फिरवा, ओरखडा लागला तर तेलाचं सील गेलेलं किंवा जाणार. चेनवर पट्टी ठेवा, एका पिनेपासून पुढची चोवीसावी पिन बरोबर बारा इंचावर यायला हवी, इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर चेन, कॅसेट दोन्ही बदलायचे पैसे किमतीतून वजा करा. बिल आणि फ्रेम नंबर जुळवून घ्या.

पंचवीसमधले चार हजार आधीच बाजूला काढा, हेल्मेट, पंप, दोन ट्यूब, पंक्चर किट, मल्टिटूल. हेल्मेट घासाघीस करून फुकट मागू नका, दुकानदार खोक्यातलं सगळ्यात स्वस्त काढून देतो, आतल्या स्टिकरवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी ही सुरक्षेची मानकं असतील तेच घ्या. घासाघीस करायचीच तर महिन्याभराने फुकट सर्व्हिसिंग मागा, त्यात केबल ताणून, तारा घट्ट करून, चाकाचा आऊट काढून द्यायचा, आणि हे बिलावर लिहून घ्या.

आणि ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी. सायकल खोक्यात अर्धी जोडलेली येते, हँडल, पुढचं चाक, पेडल तुम्ही लावायची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट्या दिशेने घट्ट होतं, लोक उजव्यासारखंच जोर लावून फिरवतात आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात, मग पेडल बसतच नाही, अख्खा क्रँक बदला. आणि हँडल लावताना फोर्क फिरलेला नाही ना बघा, डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे. हसू नका, आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा, एखादी तरी सायकल उलट्या फोर्कने उभी असेल.